कंसातलं दुसरं साल

नाशिक, १७ जानेवारी २०२५

अहो,

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेज वाचता, निळ्या खुणा दिसतात, पुढे काही नाही. म्हणून कागद घेतला. पंचवटी पोस्टाच्या काउंटरवर बसून मी लोकांची पत्रं कमी कमी होताना बघितली, आणि आता मीच नवऱ्याला पत्र लिहिते आहे. असो. तुमची आणि आईंची तब्येत ठीक असेल असं धरून चालते.

काल संध्याकाळी आरोही आली होती. आपल्या हर्षालीची शाळेपासूनची मैत्रीण म्हणून हक्काने येते, पण काल जरा वेगळीच वाटली. दारात चपला काढतानाच म्हणाली, "काकू, आमच्या ठिपक्याला नंबर मिळाला."

मला आधी काही कळेना. मग आठवलं. नववीत असताना दोघी दर शनिवारी शाळेच्या कॉम्प्युटरवर बसायच्या आणि तुम्ही त्यांना स्कूटरवर सोडायचात, दोघी मागे दाटीवाटीने. परदेशातल्या कुठल्या तरी मोठ्या दुर्बिणीने काढलेले आकाशाचे फोटो यायचे, एकाच जागेचे, थोड्या थोड्या वेळाने काढलेले. ते एकामागून एक बघायचे. सगळे तारे जागच्या जागी राहतात आणि एखादाच ठिपका किंचित सरकतो. सरकला तो तारा नव्हे, लघुग्रह. त्यांना तसा एक सापडला होता, त्या दिवशी तुम्ही येताना अर्धा किलो जिलबी आणली होती.

तेव्हा त्याला साल आणि दोन-चार इंग्रजी अक्षरं एवढंच मिळालं होतं, नव्या गाडीला टेम्पररी नंबर मिळतो तसं. आरोही म्हणते, तो पुढे कुठून कसा जातो हे जगभरच्या लोकांनी पुन्हा पुन्हा बघितल्याशिवाय कायमचा नंबर देत नाहीत. त्याला दहा वर्षं लागली. आता सहा आकडी नंबर मिळाला आहे, आणि नंबर मिळाला की नाव देता येतं. ज्यांनी शोधला त्यांनी नाव सुचवायचं आणि एका जागतिक समितीने ते बघून मान्य करायचं. स्वतःचं नाव स्वतः सुचवायची रीत नाही. लहानपणी दोघींचं ठरलं होतं म्हणे, तू माझं सुचव, मी तुझं. पण सापडला एकच.

"मला तिचंच द्यायचंय काकू," आरोही म्हणाली. "तिनेही माझंच दिलं असतं. पण काकांना विचारल्याशिवाय मी पाठवणार नाही."

मी म्हटलं, काका काय नाही म्हणणार आहेत. पण ती ऐकेना. म्हणून हे पत्र. तुमचं एक 'हो' हवं आहे. आणि नावाबरोबर त्याचा अर्थ, माणूस कोण, असं दोन-तीन ओळींत लिहायचं असतं. नाव तुम्ही ठेवलंत. बारशाला मी विचारलं होतं कशावरून, तर नुसते हसला होतात. मी आपलं हर्ष म्हणजे आनंद असं समजून चालले. तेवढं कळवा.

ललिता


नाशिक, ५ फेब्रुवारी २०२५

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. दोन वाक्यं. "दगडाला तिचं नाव नको. आरोहीला दुसरं काही सुचवायला सांग."

काउंटरवर बसूनच वाचलं. समोर एक बाई स्पीडपोस्ट घेऊन उभी होती, तिला मी उरलेले पैसे द्यायचेच विसरले.

मला राग आला, तो लपवत नाही. 'तिचं' असं लिहिलंत. नाव इथेही नाही. ती गेल्यापासून तुमच्या तोंडून तिचं नाव मी ऐकलेलं नाही. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवसापासून नाही. मी दिवसभर तिच्याबद्दल बोलायचे, शेजारणीशी, भाजीवाल्याशी, भिंतीशी, आणि तुम्ही उठून गॅलरीत जायचात. मी तिचा फोटो बाहेरच्या खोलीत लावला तर तुम्ही त्या खोलीत बसणं सोडलंत. त्याच महिन्यात आईंना अर्धांगाचा झटका आला म्हणून तुम्ही नामपूरला गेलात. महिनाभर बघून येतो म्हणालात. मी कधी अडवलं नाही. आईंना त्या अवस्थेत हर्षालीचं सांगायचं नाही असं ठरलं होतं, तेही मला पटलं होतं. पण त्याला आता साडेतीन वर्षं होतील.

दगड म्हणता. आरोहीला मी तसंच विचारलं. ती म्हणाली, "दगडच आहे काकू. दोन-तीन किलोमीटरचा असेल. मंगळ आणि गुरूच्या मधून फिरतो. डोळ्यांनी दिसणारही नाही." तिने फुगवून काही सांगितलं नाही, मला आवडलं. पण तिथे कोणाकोणाची नावं आहेत तेही तिने सांगितलं. नद्यांची, गावांची, गाणाऱ्यांची, शाळेतल्या मास्तरांची. पुढारी आणि लढाया करणारे असतील तर मेल्यानंतर शंभर वर्षं थांबावं लागतं. कुत्र्यामांजरांची नावं नकोत म्हणतात. सोळा अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, इंग्रजी अक्षरं. आपलं आठांत बसतं.

परवा कारभारी भाऊजींचा फोन आला होता. तुम्ही त्यांना बोललात वाटतं. म्हणाले, "वहिनी, आपल्या फर्मचं नाव टाकता येईल का तिकडं? कापडणीस ब्रदर्स, नामपूर." दुकानांची नावं चालत नाहीत असं सांगितलं तर म्हणाले, "मग काय उपयोग." कितीतरी दिवसांनी मी हसले.

महाशिवरात्रीला पोस्टाला सुट्टी आहे. स्टँडवर सगळे त्र्यंबकच्या गाड्यांना लागलेले असतील. मी नामपूरला यायला सटाण्याच्या गाडीत बसणार आहे. तोंडावर नाही म्हणा, मग मी आरोहीला तसं सांगेन.

ललिता


नाशिक, १ मार्च २०२५

अहो,

घरी पोचले. नीट पोचले.

आपण खळ्यावर कांद्याच्या गोण्यांशी उभे राहून जे बोललो ते बोललो. पण तुम्ही यायच्या आधी घरात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. तेव्हा मला सांगता आलं नाही.

मी आले तेव्हा घरात आई आणि शेजारच्या मंगलाबाई दोघीच होत्या. मंगलाबाईंनी मला बघितलं आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "मी चहा टाकते," आणि आत गेल्या. मी आईंच्या खाटेशी बसले. उजवा हात तसाच गार पडलेला. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "हर्षू कशी शे?"

मला वाटलं, भ्रमात बोलताहेत. मी त्यांची चादर सारखी केली. तर म्हणाल्या, "तठे थंडी भलती पडस ना? किसोर सांगस माले. नवी खोली लिधी म्हणे तिनी."

मंगलाबाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात साखरेचा डबा होता. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, सांगू नका म्हणून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळ्या आळीला माहीत आहे. फक्त मला माहीत नव्हतं.

"तू बोलनी का तिनासंगे?" आईंनी विचारलं.

मी म्हटलं, "हो. बरी आहे."

"जेवस का नीट?"

"जेवते. भात स्वतः करते आता."

आणि मी थांबले नाही. केस कापलेत म्हटलं, खांद्यापर्यंत, चांगले दिसतात. मैत्रीण मिळालीय म्हटलं. वजन थोडं वाढलंय म्हटलं. आई ऐकत होत्या आणि हसत होत्या, त्या अर्ध्याच तोंडाने. मला बरं वाटत होतं. किती दिवसांनी मला बरं वाटलं ते तुम्हाला कसं सांगू. मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली आणि मी पाणी प्यायला म्हणून उठले. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

बाहेर येताना आई म्हणाल्या, "तिले सांग, आजी वाट देखस."

त्यानंतर मी खळ्यावर आले ती भांडायलाच आले होते. तुम्ही गोणीला टेकून उभे होतात. किती वाळलाय तुम्ही. मी विचारलं, "आईंना अजून सांगितलं नाही?" तुम्ही म्हणालात, "कधी सांगू?" मग सुतळी गुंडाळत म्हणालात, "पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले धक्का नको. मग एक दिवस आईने विचारलं, पोरगी का येत नाही. तोंडातून निघून गेलं, जर्मनीला गेली शिकायला. तिला जायचंच होतं ना. मग आई रोज विचारायला लागली. रोज काहीतरी सांगावं लागतं."

मी म्हटलं, "म्हणून तुम्ही इथे राहिलात?"

आणि तुम्ही म्हणालात, "नाशिकच्या घरात ती नाहीये ललिता. इथे आहे."

पुढचं भांडण मी विसरले. येताना गाडीत देवळ्यापर्यंत हेच चाललं होतं डोक्यात. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही तिचं नाव टाकून दिलंत, आणि तुम्ही रोज सकाळी आईंच्या खाटेशी बसून तेच घेत होतात.

आता कळलं नाव का नको ते. पेपरात येईल, लोक दिवंगत लिहितील, गावातलं कोणीतरी आईंना वाचून दाखवेल. तसं आधीच सांगितलं असतंत तर मी दगडावरून तुमच्याशी भांडले नसते.

आईंना उताणं जास्त वेळ झोपवू नका. पाठीला लाल झालंय, मी बघितलं.

ललिता


नाशिक, २४ मार्च २०२५

अहो,

पत्र मिळालं. या वेळी पान भरून. दोनदा वाचलं.

पंचांगातल्या हर्षलवरून ठेवलं होतंत, हे मला आजवर माहीत नव्हतं. तिच्या जन्माच्या वेळी तुम्ही दवाखान्याच्या बाकावर पंचांग चाळत बसला होतात आणि ग्रहांच्या रकान्यात तो शब्द दिसला, तो आवडला, पण ग्रह तापट म्हणतात म्हणून मला सांगितलं नाहीत. मी रागावले नसते हो. आरोहीला फोनवर वाचून दाखवलं, तर तिने ते पुन्हा वाचायला लावलं. म्हणाली, त्या ग्रहाला आपल्याकडे हर्षल म्हणतात ते तो ज्याने शोधला त्याच्या नावावरून. ग्रह शोधणाऱ्या माणसाच्या नावावरून मुलीचं नाव ठेवलंत आणि तुम्हाला ते ठाऊकही नव्हतं. त्या माणसाच्या नावाचा एक लघुग्रह आधीच आहे, पण स्पेलिंग वेगळं आहे, त्यामुळे अडचण येऊ नये असं ती म्हणते.

आता तुमच्या अटीबद्दल. नाव द्या, पण कंसात जन्माचंच साल घाला, असं तुम्ही लिहिलंय. ती पद्धत आरोहीने मलाही सांगितली आहे. जिवंत माणूस असेल तर कंसात एकच साल असतं, जन्माचं. गेलेला असेल तर दोन सालं, मधे छोटी रेघ. दुसरं साल गाळलं तर कोण विचारायला येणार आहे, असं तुमचं म्हणणं.

मी चार दिवस विचार केला. मला हे जमणार नाही. तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुमच्या घरात ती जर्मनीत आहे. माझ्या घरात तिचा रेनकोट अजून दाराच्या मागे आहे, तिच्या डेंग्यूच्या रिपोर्टची फाइल कपाटात आहे. एकवीस वर्षं ती होती आणि मग नाही, हे दोन्ही मला कुठेतरी लिहिलेलं हवं आहे. आपण दोघं गेल्यावर ते कोण सांगणार. तिथे लिहिलेलं कोणी पुसत नाही म्हणतात. मग तिथे तरी खोटं नको.

पण आईंच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हेही मला मान्य आहे. मी त्यांच्या डोळ्यात बघून आले आहे.

आरोहीला मी विचारलं, मुदत किती असते. नंबर मिळाल्यापासून दहा वर्षं. मी तिला सांगितलं, मग थांब. आई आहेत तोवर पाठवू नकोस. तिचं लग्न होऊन ती बंगळुरूला जाणार आहे, पण म्हणाली, "कुठूनही पाठवता येतं काकू. मी थांबते."

तेव्हा तुम्ही निश्चिंत राहा. आणि आईंनी विचारलं तर सांगा, हर्षालीची परीक्षा चालू आहे. मीही सांगितलं असं सांगा.

ललिता


नाशिक, १० जुलै २०२५

अहो,

आईंचं तेराव्याचं आटपून मी आले आणि दुसऱ्याच दिवशी कामावर गेले. तुम्ही घर आवरायला थांबलात ते बरोबरच. घाई करू नका.

हे पत्र लिहायचं की नाही असं दोन दिवस चाललं होतं. पण दहाव्याच्या दुपारचं तुमच्याशी कोणी बोलणार नाही, म्हणून मी बोलते.

आईंना न्यायच्या आधी तुम्ही रडला नाहीत. मोसम नदीच्या काठावर कारभारी भाऊजी लहान मुलासारखे रडले, तुम्ही त्यांना धरून उभे होतात. मग दहाव्याला बायका जेवायला बसल्या आणि मंगलाबाईंनी वाढता वाढता विचारलं, "हर्षूले कळाडं का रे किसोर?"

हर्षूला कळवलं का, हे त्यांनी मुद्दाम विचारलं नाही. आईंच्या खाटेशी इतकी वर्षं तसंच बोलायची सवय, ती तोंडाला राहिली. बोलून झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आणि हातातली डाळीची वाटी तशीच राहिली. सगळ्या बायका ताटाकडे बघू लागल्या.

तुम्ही म्हणालात, "हर्षाली गेली, मंगलाबाई. आपली हर्षाली गेली."

असं म्हणालात जसं काही ते आदल्या रात्री घडलं होतं. मग कांद्याच्या चाळीत गेलात आणि आतून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. कारभारी भाऊजी उठले, मी त्यांना बसवलं. मीही आत आले नाही. दाराशी उभी राहिले. तुम्हाला मी दिसत नव्हते. मी तिथे होते, एवढंच सांगायचं होतं.

दवाखान्यात मी रडले तेव्हा तुम्ही माझ्याजवळ होतात. तुमची पाळी इतकी उशिरा आली.

काही खात जा.

ललिता


नाशिक, ८ नोव्हेंबर २०२५

अहो,

आईंचं वर्ष म्हणून दिवाळी नव्हतीच. खालच्या मजल्यावरच्यांनी फराळाचं ताट दिलं, ते काउंटरवरच्या मुलींनी संपवलं.

आज सकाळी बंगळुरूहून आरोहीचा फोन आला. नाव जाहीर झालं. तिने यादीतलं पान पाठवलं, मी पोस्टातल्या प्रिंटरवर काढून घेतलं. इंग्रजीत आहे. मराठीत साधारण असं होतं: हर्षाली कापडणीस (२०००–२०२१) ही नाशिकची विद्यार्थिनी. शाळेत असताना हा लघुग्रह शोधण्यात तिचा वाटा होता. वडिलांनी तिचं नाव हर्षल या ग्रहावरून ठेवलं होतं.

एवढंच. तीन वाक्यं. वर-खाली दुसरी नावं आहेत, कोणी तळ्याचं, कोणी फ्रान्समधल्या प्राध्यापकाचं. मी सगळं पान वाचलं. तिच्या शेजारी कोण आहे ते आईला बघावंसं वाटतं, वर्गात नाही का आपण बघायचो.

दोन्ही सालं आहेत. आरोहीने सांगितलं की ऑगस्टमध्ये तुम्ही स्वतः तिला फोन केलात आणि म्हणालात, "बेटा, आता पाठव. दोन्ही घाल." मला तुम्ही बोलला नाहीत. ठीक आहे. तिला बोललात ते पुरे.

मला वाटलं होतं हे कागदावर बघितलं की मला मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. दुपारी मी रजिस्टरचे शिक्के मारत होते आणि नुसतं एवढंच वाटत होतं की हे तिला दाखवायला हवं होतं. संध्याकाळी घरी आले, कागद टेबलावर ठेवला, दिवा लावला, आणि लिहायला बसले.

एक मागणं आहे. आईंना तुम्ही रोज जे सांगत होतात ते मला माहीत नाही. मी त्यातली चारच वाक्यं ऐकली आहेत, नव्या खोलीची आणि थंडीची. बाकी सगळं आईंच्या बरोबर गेलं, आणि तुमच्यापाशी आहे. त्या खोलीला खिडकी होती का. घरमालकीण कशी होती. तिला तिथली भाषा यायला लागली का. परीक्षेत काय झालं. कोणी मुलगा होता का, आणि असला तर आईंनी काय विचारलं, कुठला म्हणून. आजारी पडली का कधी, आणि तेव्हा तिच्याजवळ कोण होतं.

पुढच्या शनिवारी मी येते. शनिवारची रजा टाकली आहे, रविवारी सुट्टीच आहे. आईंची खाट असेल तिथेच बसू. तुम्ही सुरुवातीपासून सांगा, मी मधे बोलणार नाही. मला ते सगळं ऐकायचं आहे, एकदा, शेवटपर्यंत. मग जर्मनीतली हर्षालीही जाऊ दे. तिला तुम्ही एकट्याने पोचवायचं नाही. मी आहे.

ललिता